कागद धरणारा अंगठा

१

दुपारचं जेवण झालं, भांडी पालथी पडली, की सुलोचनाबाई लुगड्याला हात पुसून वकिलाची चित्रं घेऊन बसायची. चित्रं आपली म्हणायची. होते ते कागदच: पिपरटोला नावाच्या बुडालेल्या गावाचे जुने पंचनामे आणि संमतीपत्रं. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला वर्षं लोटली, कागद मात्र कचेरीत कोरडेठाक राहिले. माहितीच्या अधिकारात मागितले तेव्हा कचेरीनं त्यातली सगळी नावं जाड काळ्या पट्ट्यांनी झाकली आणि मग एकेका पानाचा फोटो काढून दिला. एकशे अठ्ठ्याऐंशी पानं, एकशे अठ्ठ्याऐंशी चित्रं.

नावं झाकली, अंगठे उघडे ठेवले. शिकलेल्या माणसाला अंगठा म्हणजे नाव वाटतच नाही. सुलोचनाबाईला वाटायचं. पवनीच्या तहसीलीबाहेर टेबल मांडून तिनं एकवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले होते. शेकडो अंगठे चिमटीत धरून शाईच्या गादीवर टेकवले होते. शाळा म्हणाल तर दुसरी नापास. पण तिच्या अर्जातली चूक काढणारा बाबू अजून जन्माला यायचा होता, आणि हे ती स्वतःच सांगायची.

वकील अश्वजित भंडाऱ्याचा. जन्मापासून आंधळा. छापलेलं असलं की संगणक त्याला वाचून दाखवी, हातानं लिहिलेलं आलं की संगणकाची वाचा बसे. हाताखालच्या पोरापोरींना तलाठ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून सुलोचनाबाई. त्यानं एक जुना लॅपटॉप घरी पाठवला आणि फोनवर काम समजावलं.

"मावशी, वरून खाली या. शिक्का, अक्षर, पट्टी, अंगठा, डाग. जे दिसते ते बोला, बोललेलं मोबाईलवर पाठवा. मत सांगू नका."

"मत नाही सांगाचं? मंग माह्या तोंडाले कुलूपच लाव न बाप्पा."

अश्वजित खूप हसला होता. पण काम चोख घ्यायचा. पहिल्या चित्रापासून तिनं सांगायला घेतलं: वर गोल शिक्का, अर्धा उमटलेला. खाली अकरा ओळी. तिसऱ्या ओळीत काळी पट्टी, दोन बोटं रुंद. तळाला डावा अंगठा, जांभळ्या शाईत. आणि डाव्या कडेला, फोटोत आलेला, कागद धरणाऱ्याचा अंगठा. पुरुषाचा, नख नीट कापलेलं.

"तोही सांगू का? तो कागदातला नाही."

"दिसते न? मग सांगा."

२

नावं झाकून गाव झाकत नाही.

"कौलारू घर, खण दोन, पुढे सपरी, मागे सांदवाडी. सांदवाडीत पेरूची झाडे दोन, मोहाचे एक." पट्टीखाली कोण आहे हे तिला पेरूंवरून कळायचं. ते पेरू खुशालचे. आतून लाल. खुशाल नदीवर मासे धरायला गेला, की गल्लीतल्या साऱ्या सुना त्याच्या सांदवाडीत. "विहीर एक, पडकी." तिथं तिची पितळेची घागर पडली होती आणि ती काढायला अर्धा गाव गळ घेऊन जमला होता. "चौक, दगडी ओटा." त्या ओट्यावर दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडारीचं नाटक उभं राहायचं. बायकांचं काम करणारे बाप्ये मिशा काढायचे आणि महिनाभर तोंड लपवत फिरायचे.

मत सांगायचं नव्हतं, म्हणून हे सगळं ती तोंडात धरून ठेवायची. चित्र पुढं सरकवलं, की घर मागं जायचं. असं करत करत ती रोज दुपारी नदीच्या बाजूनं गावात शिरायची आणि चार वाजता शाळेच्या बाजूनं बाहेर पडायची.

या गावात ती सोळाव्या वर्षी आली. सासू चंद्रकला, तिला ती आत्या म्हणायची. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण कागदाचा सोस भारी. गुळाची पुडी आली, की गूळ डब्यात आणि कागद मांडीवर. तळहातानं सपाट करायची, दोन्ही हातांनी सुनेपुढं धरायची, एका अंगठ्यावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके, आणि म्हणायची, "वाच."

सुलोचनेला तेव्हा कुठं येत होतं? दोन अक्षरं लागायची, बाकी ती मनानं रचायची. आत्या प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायची, गोष्ट ऐकताना देतात तसा. एके दिवशी हुंकार थांबला.

"काल तं याच्यात राजा होता. आज चोर कसा झाला व?"

त्या दिवसापासून सुलोचनेनं खरंच शिकायला घेतलं. साखरेच्या पुड्या, औषधाच्या चिठ्ठ्या, निवडणुकीची पत्रकं. सासू कागद धरायची, सून वाचायची. सेवकराम, तिचा नवरा, सपरीत बसून दोघींना हसायचा. गावात कुणाची सासू सुनेला शेतावरून अर्धा तास आधी घरी आणत नसे. हिची आणायची, वाचायला.

३

नव्वदावं चित्र झालं त्या दिवशी अश्वजितचा फोन आला.

"मावशी, तुमच्याजवळ कोण बसते?"

"कोन बसते? सून तृप्ती अंगणवाडीत, पोरगा कैलाश कामावर. मी आन् हा पंखा."

"नाही, मधून मधून कोणी तरी हूं म्हणते. मला वाटलं, तुम्ही कोणाला वाचून दाखवून राहिल्या."

"तुह्याकडच्या फोनाले खरखर असन."

"खरखर मला कळते मावशी," अश्वजित शांतपणे म्हणाला. "माणूसही कळते. म्हातारी बाई आहे. तुमच्या डाव्या हाताले."

फोन ठेवून सुलोचनाबाईनं स्वतःचं बोलणं लावून पाहिलं. आपलाच आवाज, वरच्या पट्टीतला. "कौलारू घर, खण दोन." आणि मग, श्वास घेतला तेवढ्या फटीत: हूं. "पुढे सपरी." हूं. अगदी हलकं. तिनं मोबाईल कानाला दाबला. शेजारच्या मोटारीचा आवाज असेल. कवडा घुमत असेल. स्वतःच्याच नाकातून निघत असेल, या वयात काय काय निघतं.

संध्याकाळी सून घरी आल्यावर तिनं तिलाही ऐकवलं.

"म्हैस आहे जी आई," तृप्ती कपडे घड्या करत म्हणाली.

"म्हैस पूर्णविरामाले थांबते का व?"

तृप्ती हसली. सुलोचनाबाई नाही हसली. तिला आठवलं, हुंकार प्रत्येक वाक्यानंतर होता, पण काळ्या पट्टीचं नाव काढलं की नव्हता. पट्टी आली की ऐकणारं गप्प.

दुसऱ्या दिवशी तिनं खाट भिंतीला लावली आणि डावा खांदा भिंतीला टेकवून बसली. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही. त्या दिवशीच्या बोलण्यातही हूं होतं. जवळून.

४

एकशे बेचाळिसाव्या चित्रापासून संमतीपत्रं सुरू झाली. सगळ्यांचा मजकूर एकच. "मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय," पुढं काळी पट्टी, तळाला अंगठा. तिनं शिक्का सांगितला, अक्षर सांगितलं, कडेच्या अंगठ्यावर आली आणि थांबली.

अंगठा बदलला होता. हा बारीक, सुकलेला. नखाला उभी चीर. नखाच्या मुळाशी तीन हिरवे ठिपके, गोंदलेले, मधला जरा पसरलेला.

सुलोचनाबाईनं चष्मा पुसला. पडदा पुसला. मागं गेली. एकशे एक्केचाळीसवर तोच पुरुषी, नीट कापलेल्या नखाचा. पुढं आली. ठिपके.

"तृप्ती, इकडं ये व. हे पाय."

रविवार होता म्हणून तृप्ती घरी होती. ती पिठाच्या हातानं आली, वाकली. "अंगठा आहे न. कोन्या बाईचा."

"तुले दिसते?"

"काहून नाही दिसणार? कचेरीतल्या एखाद्या चपराशीणबाईनं कागद धरला असन. अर्धे कागद बाप्यानं धरले, अर्धे बाईनं. त्याच्यात काय?"

खरंच त्यात काय? गोंदण या मुलखात कोणत्या म्हातारीच्या हातावर नाही? सुलोचनाबाईनं स्वतःला दटावलं आणि मोबाईलवर बोलली: "कडेला बाईचा अंगठा. वय झालेलं. गोंदलेला." आवाज सरळ राहिला. याचा तिला अभिमान वाटला.

पण पुढच्या चित्रांत तो अंगठा कडेला राहीना. एकशे पन्नासला तो समासात आला. एकशे साठला पहिल्या अक्षरांवर. एकशे पंचाहत्तरला मजकुरात आडवा, एखादी ओळ बोटानं धरून वाचावी तसा. सगळी चित्रं तर एकाच दिवशी आली होती, कधीची फोल्डरात पडून होती. मग पहिल्या दिवशी तिनं चाळून पाहिली तेव्हा हा कुठं होता? चाळताना लक्ष नसेल गेलं. नसेलच गेलं. तिनं हे इतक्या वेळा मनाशी म्हटलं, की म्हणण्याचाच तिला राग आला.

शेवटचं चित्र तिनं उघडलं नाही. ते कुणाचं आहे हे तिला पट्टी नसती तरी माहीत होतं, पट्टी होती तरी माहीत होतं.

५

बावीस वर्षांपूर्वी, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, साहेब जीपनं पिपरटोल्यात आले होते. चावडीत टेबल लागलं. लिहितं-वाचतं माणूस हवं म्हणून सुलोचनाबाईलाच बसवलं. अंगठे तिनंच धरले.

निम्म्या बाया बांधीत चिखलात उभ्या होत्या. कुणाच्या नावावर जाऊबाईनं अंगठा दिला, कुणाच्या नावावर शेजारणीनं. त्यात कुणाला पाप वाटलं नाही. मीठ उसनं द्यावं, विस्तव उसना द्यावा, तसा अंगठा. परत आली की सांगू, असं म्हणून दिला, आणि बहुतेकांनी सांगितलंच नाही. त्यातलीच अकरा घरं आता न्यायालयात उभी होती: आम्ही संमती दिलीच नाही, आमची सुनावणी पुन्हा घ्या.

आत्या रोवण्याला गेली नव्हती. ती सपरीत बसली होती, मूठ आवळून. घर तिच्या नावावर.

"मी नाही देत. माहा अंगठा माह्याच हातात राहीन."

"आत्या, गल्लीतला एक जरी कागद राहिला तं साऱ्याइले एका जागी प्लॉट नाही भेटत. गल्ली फुटते आपली."

"फुटू दे. मी कोठं जाऊन राहिली?"

जीप सुरू झाली होती. गल्ली हात जोडून उभी होती. सुलोचनाबाईनं कागद घेतला, घरामागं निंबाखाली गेली आणि आत्याच्या नावावर स्वतःचा अंगठा टेकवला. लोकांचे शेहेचाळीस टेकवले, तसा सत्तेचाळिसावा.

रात्री ताट वाढताना आत्यानं तिच्या अंगठ्यावरची जांभळी शाई पाहिली. तोंड भिंतीकडं फिरवलं. पुनर्वसनातल्या नव्या घरात सात महिने जगली, भिंतीकडं तोंड करून. औषध दिलं तर पाठीमागून हात यायचा. मेली तीही तशीच. दंडवत घालायला तोंड सरळ करायला गेले, तर मान वळेना.

सेवकरामला ठाऊक नव्हतं. तो गेला तोही न कळताच. कैलाशला त्याच घराच्या जोरावर प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नोकरी, नोकरीवर लग्न. सुलोचनाबाईनं हे बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

६

"मावशी, एकशे अठ्ठ्याऐंशी तेवढं राहिलं," अश्वजित फोनवर म्हणाला. "परवा तारीख आहे. अकरा घरांचं म्हणणं कोणी ऐकत नाही, कारण अंगठा देणारं कोणी पुढं येत नाही. उसना अंगठा दिला म्हणणारा एक जरी माणूस भेटला असता..."

"आन् आला पुढं तं? त्याचं काय होते?"

आंधळ्या माणसाला आवाजातलं बरंच दिसतं. "त्याच्यावर गुन्हा होऊ शकते. त्या घरावर काढलेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. कोणाची नोकरी असन, तर तेही जाऊ शकते. खोटं नाही सांगत तुम्हाले."

फोन ठेवून वळली तर दारात तृप्ती उभी, अंगणवाडीतून लवकर आलेली. किती ऐकलं कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं. आयुष्यात पहिल्यांदा सुलोचनाबाईनं सुनेला निंबाखालची गोष्ट सांगितली. तृप्ती खाली बसली.

"आई, दोन लेकरं आहेत शाळेत."

"मले दिसत नाहीत का ते?"

"उघडा तं ते चित्र."

सुलोचनाबाईनं उघडलं. "मी राजीखुशीने." काळी पट्टी. आणि तळाला, जिथं तिच्या अंगठ्याची जांभळी खूण हवी होती, तिथं तो वाळका अंगठा आडवा पडला होता. चौकट पूर्ण झाकली होती. हिरवे ठिपके तीन. जांभळ्या शाईचा टिपूसही बाहेर नव्हता.

तृप्तीनं ओठ ओले केले. "आई, तुमाले काय सांगतलं वकिलानं? जे दिसते तेच बोला. नाही दिसत न खूण? मंग खूण दिसत नाही म्हना. खोटं कोठं आहे त्याच्यात?"

खोटं नव्हतंच. सुलोचनाबाई त्या अंगठ्याकडं बघत राहिली. ही माया होती का? आत्या सुनेचं पाप स्वतःच्या बोटानं झाकून बसली होती? की म्हणत होती, इथं माझा हवा होता, बघ, आता टेकवला? भिंतीकडं वळलेल्या पाठीचाही तिला कधी अर्थ लागला नव्हता. तीनदा मोबाईल उचलला, तीनदा ठेवला. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. कुणी हूं म्हणत नव्हतं.

"तुले राग येईन व माहा," ती सुनेला म्हणाली. "येऊ दे. मले एकीचा राग पुरला आहे, आनखी एकीचा झेपवीन. पर मी अर्ज लिहिणारी बाई आहे. खालचं झाकून वरचं लिहिलं नाही मी कधी, एक डाव सोडून."

तृप्ती उठली आणि आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

७

सुलोचनाबाईनं मोबाईल तोंडाशी धरला.

"चित्र एकशे अठ्ठ्याऐंशी. वर गोल शिक्का. खाली नऊ ओळी. दुसऱ्या ओळीत काळी पट्टी. पट्टीखाली नाव आहे चंद्रकला. तळाला अंगठ्याची खूण दिसत नाही, तिच्यावर कागद धरणारीचा अंगठा आहे. खाली खूण आहे. डाव्या अंगठ्याची. ती चंद्रकलेची नाही. तिनं नाही म्हटलं होतं. ती खूण माही आहे. सुलोचना सेवकराम. शुद्धीत देली, जाणून देली."

पाठवलं. थोड्या वेळानं अश्वजितचा फोन आला.

"ऐकलं मावशी. दोनदा ऐकलं. उद्या प्रतिज्ञापत्र करू. मी उभा राहतो कैलाशसाठी, जेवढं होईन तेवढं." मग म्हणाला, "या वेळी ते हूं नाही आलं. तुमच्याजवळ आता कोणी नाही."

तिनं डाव्या हाताला पाहिलं. भिंत. खरंच कुणी नव्हतं. बावीस वर्षं खांद्यामागं जे ओझं असल्यागत वाटायचं, तेही नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लॅपटॉप बंद करायला ती वाकली. चौकटीवर अंगठा नव्हता. जांभळी खूण उघडी पडली होती, तिची स्वतःची, निंबाखालची, जरा घसरलेली. आणि पडद्याच्या उजव्या कडेला पुढच्या चित्राचा बाण अजून उजळ होता. एकशे अठ्ठ्याऐंशीनंतर चित्र नव्हतं. तिनं मोजली होती.

तिनं बाण दाबला.

कोरा कागद. वाचायला काही नाही. डाव्या कडेला अंगठा, तीन ठिपक्यांचा. उजव्या कडेलाही अंगठा. दोन्ही हातांनी, सपाट करून, समोर धरलेला कागद. तळाशी एक तेलकट डाग.

पुढचं. तोच कागद, जरासा खाली आलेला. वरच्या कडेमागं अंधार होता आणि त्या अंधारात कौलाच्या फटीतून पडतो तसा एक कवडसा.

पुढचं. कागद आणखी खाली. कडेच्या वर पांढरे केस, मधोमध भांग. भांग ओला होता. पाण्यातून नुकताच वर आलेला असावा तसा.

आत तृप्तीनं नळ सोडला. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. भर दुपारचं ऊन उंबऱ्यात होतं.

पुढचं. कपाळ. कपाळावर गोंदलेली उभी रेघ. भुवया. आणखी दोन बोटं कागद खाली आला, की डोळे. तोंड भिंतीकडं नव्हतं. इकडं होतं.

बाण अजून उजळ होता. सुलोचनाबाईचा हात बटणावर गेला आणि तिथून मागं आला. ती खाटेवरून उतरून खाली फरशीवर बसली, पाय दुमडून. पदर खांद्यावरून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत पुढं ओढला, सासूसमोर सून घेते तसा.

मग मान वर न करता तिनं हात लांब केला आणि बटण दाबलं.